आतली कडी

कोलंबिया नदीच्या खालच्या खोऱ्यातल्या दलदलीत एक पाणवनस्पती वाढते. पानं बाणाच्या फाळासारखी, फुलं पांढरी, तीन पाकळ्यांची. पण खरा ऐवज खाली चिखलात असतो, लहान बटाट्याएवढा कंद. पानगळीच्या दिवसांत चिनूक बायका छोट्या होड्या घेऊन कमरेएवढ्या, कधी छातीएवढ्या गार पाण्यात उतरायच्या. एका हाताने होडीचा काठ धरायचा आणि पायाच्या बोटांनी चिखल उकरत कंद मुळापासून सोडवायचा. सुटला की तो आपोआप वर तरंगत येतो. मग उचलून होडीत टाकायचा. निखाऱ्यात भाजून खायचा, उरलेला हिवाळ्याची बेगमी म्हणून ठेवायचा. 1805-06 मध्ये लुईस आणि क्लार्क या खोऱ्यातून गेले, तेव्हा या कंदाचा व्यापार बघून त्यांनी साऱ्या खोऱ्यालाच त्याचं नाव दिलं. त्या मुलखातल्या व्यापारी बोलीत त्याला म्हणतात वापाटो.

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या मल्टनोमा काउंटीने 2004 मध्ये पोर्टलंड शहराच्या उत्तर टोकाला एक नवा कोरा तुरुंग बांधून पुरा केला. त्याला नाव दिलं वापाटो. मल्टनोमा हेही याच खोऱ्यातल्या एका जमातीचं नाव. 1830 नंतरच्या चार-पाच वर्षांत तापाच्या साथीने, बहुधा मलेरियाने, इथल्या मूळ रहिवाशांतली दहातली नऊ माणसं नेली. गावंच्या गावं ओस पडली आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर नव्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यातलंच एक पोर्टलंड. या तुरुंगाची गोष्ट सांगताना त्या ओस पडलेल्या घरांना वगळून पुढे जाणं मला जमलं नाही.

तुरुंगाला खर्च आला 5 कोटी 80 लाख डॉलर. खाटा 525. आत अद्ययावत मुदपाकखाना, धुलाईघर, दवाखाना, कैद्यांच्या व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाची सोय. सगळं तयार झालं आणि एकही कैदी आला नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही.

याचं कारण समजून घ्यायला दहा वर्षं मागे जावं लागतं. 1994 मध्ये ऑरेगनच्या मतदारांनी गंभीर गुन्ह्यांना किमान शिक्षा सक्तीची करणारा कायदा थेट मतदानाने मंजूर केला. 1995 मध्ये राज्याने वर्षभराच्या आतल्या शिक्षेचे कैदी काउंट्यांकडे सोपवायचं ठरवलं. आता तुरुंग अपुरे पडणार असा सगळ्यांचा हिशेब होता. म्हणून 1996 मध्ये मल्टनोमाच्या मतदारांनी नव्या तुरुंगासाठी कर्जरोख्यांना मान्यता दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यभरातल्या मतदारांनी मालमत्ता कराला कात्री लावली आणि 1997 मध्ये आणखी एका मतदानाने ती कात्री पक्की केली. कर आकारणीचं मूल्य वर्षाला तीन टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही, असं ठरलं. ऑरेगनमध्ये विक्रीकर नाही, त्यामुळे काउंटीचा मोठा आधार मालमत्ता कराचाच. रोख्यांचे पैसे कायद्याने फक्त बांधकामावर खर्च करता येतात. पहारेकऱ्यांचे पगार, जेवण, डॉक्टर, वीज हे सगळं चालू करातून यायचं, आणि तो तर आखडलेला. थोडक्यात, बांधायला पैसे होते आणि चालवायला नव्हते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. इमारत आहे, कोनशिला आहे, रंग ओला आहे, पण डॉक्टरचं पद भरलेलं नाही, अशी आरोग्य केंद्रं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. भिंतींना पैसा एकदाच लागतो. माणसांना तो दर महिन्याला लागतो. हा फरक मी या लेखात पुन्हा काढणार आहे, कारण वापाटोचं पुढे जे झालं ते सगळं या एका फरकावर झालं.

रिकाम्या तुरुंगालाही खर्च असतो. पाइप गोठू नयेत म्हणून आत ऊब ठेवावी लागते, आगीची यंत्रणा तपासावी लागते, गवत कापावं लागतं. वर्षाला तीन लाख डॉलरांच्या वर रक्कम नुसत्या राखणीवर जात होती. चित्रपट आणि मालिकांच्या चित्रीकरणासाठी इमारत भाड्याने दिली जायची. कैद्याचे कपडे घालून नट तिथे वावरले, दिवे बंद करून निघून गेले. खाटांवर रात्रभर झोपायला कुणी नव्हतं.

आणि त्याच शहरात माणसं फुटपाथवर झोपत होती. पुलाखाली, महामार्गाच्या उतारावर, नदीकाठच्या पायवाटेवर तंबू वाढत गेले. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये पोर्टलंडने घरांच्या प्रश्नावर आणीबाणी जाहीर केली. 2017 च्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली आणि पहिल्या दहा दिवसांत रस्त्यावर चार माणसं गारठून मेली. 2019 च्या जानेवारीतल्या एका रात्रीच्या मोजणीत काउंटीत 4,015 माणसं बेघर आढळली. त्यातली निम्मी उघड्यावर होती.

एवढं झाल्यावर पोर्टलंडमधल्या कुठल्याही टॅक्सीवाल्याने, कुठल्याही आजीने जे म्हटलं असतं तेच शहर म्हणू लागलं. तिकडे खाटा रिकाम्या आहेत, इकडे माणसं मरताहेत, मग दार उघडा की. या म्हणण्यात खोट नाही. माणूस थंडीत कुडकुडत असताना ऊबदार खोली कुलपात ठेवणं हे कुणाच्याही पोटात कालवाकालव करणारं आहे. मी ही बातमी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझाही तोच पहिला शब्द होता, आणि आजही तो मागे घ्यावा असं मला वाटत नाही.

तरीही काउंटीच्या अध्यक्ष डेबोरा कॅफोरी आणि बेघरांमध्ये काम करणारे कितीतरी लोक याला विरोध करत होते. ते दगडाच्या काळजाचे होते असं मानून पुढे जाणं सोपं आहे. मला त्यांचं म्हणणं नीट ऐकून घ्यावंसं वाटलं.

पहिली गोष्ट अंतराची. माझी भाची नवऱ्याच्या नोकरीमुळे पोर्टलंडच्या पश्चिमेला हिल्सबरोत राहते. इंटेलच्या आधाराने त्या बाजूला मराठी घरं बरीच आहेत. 2022 च्या शरदात तिच्याकडे गेले असताना मी तिला ही इमारत बघायला नेशील का म्हणून विचारलं. ती म्हणाली, “मावशी, तिकडे गोदामांशिवाय काही नाही गं.” तिचं बरोबर होतं. शहराचा गजबजलेला भाग मागे पडला, घरं संपली, मग ट्रक, कंटेनर, रेल्वेचे रूळ आणि लांबच लांब गोदामं. कोलंबिया आणि विलामेट या दोन नद्या मिळतात त्याच्या अलीकडे स्मिथ आणि बायबी नावाची दोन तळी आहेत, सुमारे 2,000 एकरांची पाणथळ जागा. रंगीत पोटाची कासवं तिथे उन्हाला येतात. पलीकडे 1991 मध्ये बंद झालेला शहराचा जुना कचरा डेपो आहे. मधोमध ती बैठी, लांबलचक इमारत. बाहेरून बघणाऱ्याला एखादं कॉलेज वाटावं. तोवर तिथे निवारा सुरू झालेला होता, त्याची हकीकत पुढे येते. मी आत जायला मागितलं नाही. आत राहणारी माणसं रात्र काढायला आली होती, पाहुण्यांना दाखवायला नव्हे.

पण रस्त्याच्या कडेला उभी राहून मी एक हिशेब केला. समजा माझ्याकडे गाडी नाही. मला सकाळी कामाच्या शोधात जायचंय, दुपारी दवाखान्यात, मग ओळखपत्र काढायला सरकारी कचेरीत. जवळ किराणा दुकान नाही. डॉक्टर नाही. बसथांबा गाठायला पायपीट. संध्याकाळी परत यायची वेळ चुकली तर? ज्याच्या हातात काही नाही त्याला शहराचा मध्य लागतो, कारण त्याचं जगणं पायी चालतं. उरलेलं अन्न वाटणारं चर्च, सार्वजनिक संडास, ओळखीचा चहावाला, रोजंदारीचा नाका, हे सगळं चालत जाण्याच्या अंतरात असावं लागतं. मुंबईत फुटपाथवर राहणारं कुटुंब कामाच्या जागेला का चिकटून असतं, याचं उत्तरही तेच. त्याला लांबवर पक्कं छप्पर दिलं तरी ते सोडून परत येतं, आणि मग आपण म्हणतो, यांना राहायचंच नाही.

दुसरी गोष्ट इमारतीच्या हाडामांसाची. तिथे मला थोडं थांबायचं आहे.

खूप वर्षांपूर्वी एका वार्तांकनासाठी मी महाराष्ट्रातल्या एका जुन्या जिल्हा कारागृहाच्या वापरात नसलेल्या बराकीत गेले होते. सोबतचा शिपाई बाहेर कुणाशी तरी बोलत राहिला आणि मी आत एकटी. सहज दार ओढून घ्यावं म्हणून हात पुढे केला, तर धरायला काहीच नव्हतं. बाहेरच्या बाजूला हाताच्या मनगटाएवढी कडी, कोयंडा, कुलपासाठी भोक. आतल्या बाजूला सपाट. मूठ नाही, खिट्टी नाही, खाच नाही. आतल्या माणसाला दाराशी काही करायचं असेल ही कल्पनाच ते दार बनवणाऱ्याच्या मनात नव्हती. मी बोटांची टोकं फटीत घालून ते ओढायचा प्रयत्न केला, नख तुटलं, दार हललं नाही. शिपाई आला, त्याने एका बोटाने उघडलं.

घराचं दार नेमकं याच्या उलट असतं. घर म्हणजे आतून कडी लावता येणं. आपल्या घरात बाहेरची कडी फक्त आपण नसताना उपयोगाची. आतली कडी आपण असताना, झोपताना, कपडे बदलताना, रडताना. तुरुंग आणि घर यांच्यात विटा, सिमेंट, छप्पर सगळं सारखं असू शकतं. कडीची बाजू मात्र बदललेली असते.

तुरुंगाचा आराखडा एका गरजेतून निघतो. थोड्या पहारेकऱ्यांना पुष्कळ माणसं एका नजरेत दिसली पाहिजेत. म्हणून मोठ्या बराकी, रांगेत खाटा, आडोसा कमीत कमी, मध्यभागी पहाऱ्याची जागा, उंचावर खिडक्या. वापाटोही बहुतांश बराकींचाच तुरुंग. बेघर माणसाची गरज याच्या दुसऱ्या टोकाला असते. उघड्यावर राहणारा माणूस दिवसाचे चोवीस तास दिसत असतो. त्याचं अंघोळ करणं दिसतं, खाणं दिसतं, झोप दिसते, आजार दिसतो. त्याला सगळ्यात आधी काय हवं असतं, तर थोडा वेळ कुणाला न दिसणं.

शिवाय अमेरिकेत बेघर माणसांतले पुष्कळजण कधी ना कधी तुरुंगातून गेलेले असतात. प्रिझन पॉलिसी इनिशिएटिव्ह या संस्थेने 2018 मध्ये मांडलेल्या आकडेवारीनुसार तुरुंगात राहून आलेली माणसं इतरांच्या तुलनेत जवळजवळ दहापट अधिक प्रमाणात बेघर होतात. सुटका झाल्यावर घर भाड्याने मिळत नाही, नोकरी मिळत नाही, घर नाही म्हणून पोलीस पुन्हा उचलतात. अशा माणसाला लोखंडी दार सरकल्याचा आवाज झोपेत ऐकू येतो. त्याला निवारा म्हणून पुन्हा तुरुंगाच्या बराकीत झोपवायचं, हे सांगताना जीभ अडखळली पाहिजे.

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि तो पुन्हा तोच. निवाऱ्याला खाटा लागतात हे खरं, पण खाटेशेजारी रात्री जागणारा माणूस लागतो, परिचारिका लागते, समुपदेशक लागतो, स्वयंपाकी लागतो, गाडी आणि ड्रायव्हर लागतो. त्यापुढे जाऊन, निवाऱ्यातून पुढे जायला भाड्याचं घर लागतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर बेघरपणा एवढा का, यावर ग्रेग कोलबर्न आणि क्लेटन ऑल्डर्न यांनी 2022 मध्ये एक पुस्तक लिहिलं. व्यसनं, मानसिक आजार, दारिद्र्य हे सगळं अमेरिकेच्या सगळ्याच शहरांत आहे, पण बेघर माणसं जास्त तिथे, जिथे भाडी जास्त आणि रिकामी घरं कमी, असं त्यांनी आकड्यांनी दाखवलं. म्हणजे व्यसन आणि आजार कुणाचं घर आधी जाणार हे ठरवतात, पण किती जणांची घरं जाणार हे भाडं ठरवतं. काउंटी म्हणत होती की पैसा थोडा आहे, तो भाड्याच्या मदतीला आणि छोट्या, मध्यवस्तीतल्या निवाऱ्यांना घालू. हे म्हणणं विचारांती बरोबर होतं. पण ज्या रात्री तापमान शून्याखाली गेलं, त्या रात्रीसाठी त्यांच्याकडे पुरेसं उत्तर नव्हतं, हेही तितकंच खरं. धोरण बरोबर असताना माणूस गारठून मेला, तर त्याच्या आईला काय सांगायचं?

विक्रीची हकीकत थोडक्यात सांगते. 2018 मध्ये काउंटीने हा पांढरा हत्ती अवघ्या 50 लाख डॉलरांना विकला. म्हणजे बांधकामाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी किमतीला. थोड्याच दिवसांत तो पोर्टलंडमधले मोठे जमीनमालक जॉर्डन श्निट्झर यांच्याकडे आला. त्यांना तिथे बेघरांसाठी काहीतरी करायचं होतं, पण चालवायला कुणी पुढे येईना. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी जाहीर केलं की आता इमारत पाडतो.

मग ॲलन इव्हान्स पुढे आले. हा माणूस स्वतः कित्येक वर्षं रस्त्यावर राहिलेला, व्यसनात बुडालेला आणि त्यातून बाहेर आलेला. ऑरेगनच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या सीसाइड गावातून त्यांनी हेल्पिंग हँड्स ही संस्था उभी केली होती. ज्याने स्वतः उघड्यावर रात्री काढल्या त्याने तुरुंगाच्या इमारतीला हो म्हणावं, ही गोष्ट विरोध करणाऱ्यांना विचार करायला लावणारी होती. देणग्या जमल्या, रंगकाम झालं, आतलं बरंच बदललं आणि 2020 च्या ऑक्टोबरमध्ये, कोविडच्या ऐन धामधुमीत, बायबी लेक्स होप सेंटर या नावाने दार उघडलं. तुरुंगाचं जुनं नाव गेलं, तळ्याचं आलं. सोळा वर्षं कोऱ्या राहिलेल्या इमारतीत पहिल्यांदा माणसं रात्र काढू लागली.

भिंती रंगवून तुरुंगाचा निवारा होतो का? अर्धा होतो, असं माझं उत्तर आहे. उरलेला अर्धा आतल्या नियमांत असतो. दार किती वाजता बंद होतं? उशीर झाला तर आत घेतात का? कुत्रं बरोबर चालतं का? नवरा-बायको एकत्र राहू शकतात का? सामानाला कुलूप आहे का, आणि त्याची किल्ली कुणाकडे असते?

हा किल्लीचा प्रश्न बारीक वाटेल. मला तो शिकवला एका बाईने. महाराष्ट्रातल्या एका महानगरातल्या बायकांच्या रात्रनिवाऱ्यात मी काही संध्याकाळी जात असे. तिथे साठीच्या पुढची एक बाई यायची, घरकाम करणारी, मुलाने घराबाहेर काढलेली. तिच्याजवळ पत्र्याची एक लहान ट्रंक होती. निवाऱ्यात सामान खाटेखाली ठेवायची परवानगी होती, पण कुलूप लावायचं नाही असा नियम. ती तीन रात्री दाराबाहेर पायरीवर झोपली, ट्रंकेवर डोकं ठेवून. आत पंखा होता, गादी होती. शेवटी तिथल्या ताईंनी नियम बाजूला ठेवला. त्या रात्री बाई आत आली, ट्रंक खाटेखाली सरकवली, कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली. मग झोपली ती सकाळी सात वाजेपर्यंत. ट्रंकेत काय होतं ते मी कधी विचारलं नाही.

तुरुंगाचा निवारा करण्याच्या बाबतीत नेदरलँड्समध्ये वेगळं घडलं. तिथे कैद्यांची संख्या घटत गेली आणि तुरुंग रिकामे पडू लागले. 2015-16 मध्ये सिरिया, इराक, अफगाणिस्तानातून निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा सरकारने त्यांना काही रिकाम्या तुरुंगांत राहायला दिलं. हार्लेम शहरातला घुमटाकार तुरुंग, मधोमध उभं राहिलं की चहूबाजूच्या सगळ्या कोठड्यांची दारं दिसावीत असा बांधलेला, त्यातलाच एक. अ‍ॅमस्टरडॅममधला बेलमरबायेस हाही. त्या वेळच्या छायाचित्रांत कोठडीच्या दारात बसून चहा पिणारी माणसं दिसतात. या तुरुंगांची एक जमेची बाजू होती. ते शहरात होते. बाजार जवळ. आणि कोठड्या एकेकट्या होत्या, म्हणजे एका कुटुंबाला निदान एक दार मिळत होतं. बराकीपेक्षा कोठडी बरी, हे वाक्य लिहिताना चमत्कारिक वाटतं, पण निवाऱ्याच्या बाबतीत ते खरं आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये फुल्टन नावाचा तुरुंग 2011 मध्ये बंद झाला, तो तुरुंगातून सुटलेल्या माणसांच्या पुनर्वसनासाठी ऑस्बोर्न असोसिएशन या जुन्या संस्थेकडे सोपवला गेला. तोही भर वस्तीत.

फिनलंडने तर निवाऱ्याचाच आकार मोडला. 2008 पासून त्यांनी सामुदायिक निवारे बंद करत त्यांच्या इमारतींची छोटी स्वतंत्र घरं केली. एक खोली, एक चूल, एक न्हाणीघर, स्वतःच्या नावाचा भाडेकरार आणि स्वतःची किल्ली. व्यसन आधी सोड मग घर देतो, ही अट काढून टाकली. याला घर आधी असं म्हणतात. ही कल्पना न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञाने 1992 मध्ये सुरू केलेल्या कामातून आली होती. अमेरिकेतच जन्मलेली कल्पना फिनलंडने देशाचं धोरण म्हणून राबवली आणि हेलसिंकीतल्या निवाऱ्यांतल्या शेकडो खाटा कमी होत पन्नासच्या आसपास आल्या.

आपल्याकडे हा प्रयोग करायचा म्हटलं तर रिकामा तुरुंग सापडणं कठीण. गोव्यात अग्वादचा तुरुंग 2015 मध्ये रिकामा झाला, त्याचं संग्रहालय झालं.  महाराष्ट्रात मात्र मुंबईच्या आर्थर रोडसारखे तुरुंग मंजूर क्षमतेच्या कितीतरी पट भरलेले असतात. पण तुरुंग आणि बेघर माणूस यांचं नातं आपल्या कायद्यातही आहे. ते या विषयाला इतकं चिकटून आहे की सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 1959 चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा. उदरनिर्वाहाचं दिसेल असं साधन नसलेला, सार्वजनिक ठिकाणी फिरणारा माणूस या कायद्याच्या व्याख्येत भिकारी ठरू शकतो. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं आणि पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत त्याला भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. या कायद्याची नक्कल देशातल्या कितीतरी राज्यांनी केली. 2018 च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीपुरती त्याची मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली. पोर्टलंडमध्ये तुरुंगाचा निवारा करण्यावर वाद झाला. आपल्याकडे भिक्षेकरी गृहात निवारा म्हणून जे दिलं जातं त्याला बाहेरून कडी आहे, यावर मात्र फारसा वाद झालेला नाही.

2011 च्या जनगणनेत मुंबईत सुमारे 57 हजार बेघर माणसं मोजली गेली. एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांची सोय असलेला किमान एक कायमचा निवारा हवा, असा देशपातळीवरचा निकष आहे. सव्वा कोटीच्या मुंबईला त्या हिशेबाने सव्वाशे निवारे लागतील. त्यासाठी तुरुंग रिकामा व्हायची वाट बघायला नको. पट कमी झाल्याने बंद पडलेल्या महापालिकेच्या शाळा आहेत, वापरात नसलेली मंडया-गोदामं आहेत, आणि ती वस्तीत आहेत, नाक्याजवळ आहेत.

पोर्टलंडकडे परत येते. बायबी लेक्स सुरुवातीला मुख्यतः खासगी देणग्यांवर आणि कोविडकाळातल्या मदतीवर चाललं. पुढे ती मदत आटली. 2023 मध्ये संस्थेला पैशांची अशी चणचण भासली की दार बंद करायची वेळ आली. ज्या कारणाने तिथे तुरुंग सुरू होऊ शकला नव्हता तेच कारण दारात येऊन उभं राहिलं. भिंती शाबूत आणि महिन्याचा खर्च भागत नाही. तेव्हा ज्या काउंटीने या जागेला इतकी वर्षं विरोध केला, तिलाच पैसे घेऊन पुढे यावं लागलं. मला यात काउंटीची नामुष्की दिसत नाही. आत झोपलेली माणसं आता प्रत्यक्षात होती, आणि त्यांच्यासमोर जुना वाद मागे ठेवणं हे शहाणपणाचंच होतं. त्याच वर्षी काउंटीतल्या बेघरांची गणती सहा हजारांच्या वर गेली होती.

2024 च्या 28 जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. खटला ऑरेगनमधल्याच ग्रँट्स पास नावाच्या छोट्या गावातून आलेला. उघड्यावर झोपणाऱ्याला दंड करणं ही क्रूर शिक्षा ठरत नाही, असं सहा विरुद्ध तीन मतांनी ठरलं. त्याआधी 2018 पासून पश्चिमेकडच्या राज्यांत असा दंडक होता की निवाऱ्यात जागा नसेल तर बाहेर झोपल्याबद्दल माणसाला शिक्षा करता येणार नाही. तो गेला.

निकालानंतर तीनच दिवसांनी, 1 जुलैपासून, पोर्टलंडने आपला नवा नियम अमलात आणायला सुरुवात केली. निवाऱ्यात जागा देऊ केली असताना ती नाकारून रस्त्यावर तंबू ठोकला, तर शंभर डॉलरपर्यंत दंड किंवा सात दिवसांपर्यंत तुरुंग. म्हणजे पोर्टलंडमध्ये तंबूत झोपलेल्या एखाद्याला कुणी येऊन सांगू शकतं की बायबी लेक्सला खाट रिकामी आहे, चल. तो कदाचित विचारेल, तिथून सकाळी कामावर कसा येऊ? माझं कुत्रं घेता येईल का? माझी पेटी मला कुलूप लावून ठेवता येईल? याची उत्तरं नाही अशी आली आणि तोही नाही म्हणाला, तर तुरुंग म्हणून बांधलेल्या त्या इमारतीतली खाट नाकारल्याबद्दल त्याला सात दिवस तुरुंगात जावं लागू शकतं.